मांडूळ, कासव, पोपट, कातडी: तस्करीचा सुगावा लागला तर काय करायचं

‘माल आहे, पार्टी असेल तर सांग.’ मांडूळ, वीस नखी कासव किंवा बिबट्याची कातडी विकायला निघालेला माणूस बहुधा असाच बोलतो, आणि तो सहसा अनोळखी नसतो. मित्राचा मित्र, गावाकडचा भाऊबंद, जुन्या गाड्यांचा किंवा जमिनींचा एजंट, कुणीही असू शकतो. कधी फोनवर फोटो येतो, कधी आठवडी बाजारात फडकं टाकलेली टोपली दिसते, कधी शेजारच्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत तारा कासव फिरत असतं. अशा वेळी बरेच जण एकतर मान वळवतात, नाहीतर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. दोन्हींचा फायदा विकणाऱ्यालाच होतो.

पुढचं सगळं महाराष्ट्रातला वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. कायदा देशभर एकच; हेल्पलाइन मात्र राज्यागणिक बदलतात. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो: या प्रकरणात आपलं काम साक्षीदाराचं. प्राणी सोडवायला धावणं, विक्रेत्याला जाळ्यात ओढणं हे ज्यांना कायद्याने अधिकार दिलेत त्यांच्यावर सोडावं. साक्षीदार होणं ऐकायला मिळमिळीत वाटतं, पण खटला उभा राहतो तो त्याच्याच जिवावर.

समोर आहे ते बेकायदा आहे का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या आता चार झाल्या आहेत: पहिलीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी, दुसरीत बाकीचे संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती, आणि चौथीत साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात आलेल्या, म्हणजे मुख्यतः परदेशी, प्रजाती. कोणता प्राणी कुठे बसतो हे पाठ करायची गरज नाही, ते वनखातं बघेल. आपल्यापुरता ठोकताळा सोपा आहे. आपल्याकडच्या रानात आणि शेतात मोकळा आढळणारा प्राणी, पक्षी किंवा साप कुणाच्या पिंजऱ्यात, पिशवीत किंवा विक्रीला दिसला तर संशय घ्यायचा. कायद्याच्या व्याख्येत शिकारीमध्ये पकडणं, फास लावणं, विष घालणं हे तर येतंच. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी मोडणंही येतं. आणि कलम ३९ नुसार बेकायदा पकडलेला किंवा मारलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते.

महाराष्ट्रात काय विकलं जातं याची थोडी ओळख हवी, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी लोकांना वन्यप्राणी वाटतच नाहीत.

मांडूळ सगळ्यांत वरचं. बोथट शेपटीमुळे दोन्हीकडे तोंड असल्यासारखा दिसणारा, बिनविषारी, सुस्त साप. उंदीर खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचाच राखणदार. पण गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, त्याच्यापासून दुर्धर आजारावरचं औषध बनतं, असल्या थापांवर त्याचा भाव वजनावर ठरवला जातो. लाखांच्या, कोटींच्या गोष्टी होतात. तशी गिऱ्हाइकं मात्र कुणी पाहिलेली नसतात. मधले दलाल एकमेकांकडून आगाऊ पैसे काढत राहतात आणि साप गोणीत मरतो. वीस नखी कासवाची कथा हीच. पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणून कुणी पैसे उकळत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो, हे तक्रार देताना लक्षात ठेवा.

तारा कासवाचा मामला वेगळा आहे. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं हे जमिनीवरचं कासव परदेशात पाळण्यासाठी आणि आपल्याकडे वास्तूच्या नावाखाली विकलं जातं. २०१९ मध्ये साइट्सने त्याला पहिल्या परिशिष्टात टाकून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. नद्या-तळ्यांतल्या कासवांची चोरी किती मोठी असते याची कल्पना वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोच्या ‘सेव्ह कूर्म’ मोहिमेवरून येईल: २०१६-१७ च्या हिवाळ्यात पंधरा हजारांहून अधिक जिवंत कासवं हाती लागली होती.

खवले मांजर दिसायला जितकं अजब तितकंच गरीब. घाबरलं की अंगाचा गोळा करतं, पळत नाही, त्यामुळे हाताने उचलता येतं. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांमध्ये असतं तेच केराटिन. तरीही परदेशात औषध म्हणून त्यांना मागणी होती आणि आहे. जगातल्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ च्या साइट्स परिषदेत बंदी आली, २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढून टाकले. कोकणात आणि सह्याद्रीच्या रांगेत अजून कुणीतरी ‘खवल्यांना पार्टी’ शोधत असतंच.

मग पूजासाहित्याच्या दुकानातल्या वस्तू. ‘हत्ताजोडी’ नावाचं मूळ म्हणून जे विकलं जातं ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. ‘इंद्रजाल’ ही वनस्पती नव्हे, समुद्रातले पंख्यासारखे प्रवाळजीव, तेही संरक्षित. चित्रकारांचे काही ब्रश मुंगसाच्या केसांचे असतात. दिवाळीच्या तोंडावर घुबडांची मागणी वाढते. कोकण किनाऱ्यावर व्हेलची उलटी म्हणून विकला जाणारा अंबरग्रीस सापडतो. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा मेणचट गोळा वाळूत सहज हाती लागला तरी तो ठेवता किंवा विकता येत नाही.

आणि पोपट. लाल चोचीचा, गळ्याला कंठी असलेला हिरवा पोपट घरात पाळणं हा गुन्हा आहे. इतका राजरोस मोडला जाणारा वन्यजीव कायद्यातला दुसरा नियम मला माहीत नाही. झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढताना निम्मी दगावतात की जास्त, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. बजरीगर, लव्हबर्ड यांसारखे परदेशी पक्षी पिंजऱ्यातच पैदास होणारे. त्यांची गोष्ट निराळी. पण मकाव, आफ्रिकन ग्रे, इग्वाना, बॉल पायथन असल्या चौथ्या अनुसूचीतल्या प्राण्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी असावी लागते. विकणारा कागद दाखवत नसेल, किंवा ‘नंतर करून देऊ’ म्हणत असेल, तर तो प्राणी विमानतळावरच्या बॅगेतून आलेला असण्याची शक्यता धरा.

माल नकली असेल तर? पुष्कळदा असतो. रंगवलेली कातडी, कोरलेल्या शिंगांची किंवा प्लास्टिकची वाघनखं. खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्रातली सरकारी संशोधन संस्था अशा ठिकाणी नमुने जातात आणि डीएनएवरून प्रजाती ठरते. माल नकली निघाला तर फसवणुकीचा गुन्हा आहेच, म्हणून ‘खोटंच असेल, जाऊ दे’ म्हणू नका.

पहिल्या तासात काय करायचं नाही

हा भाग मी मुद्दाम आधी घेतला आहे, कारण सगळी नासाडी इथेच होते.

विकत घेऊ नका. पिंजऱ्यातल्या मुनिया किंवा टोपलीतलं कासव बघून कळवळा येतो, ‘शेपाचशे देऊन सोडवून टाकू’ असं वाटतं. विक्रेत्याच्या लेखी तुम्ही सोडवणारे नसता, गिऱ्हाईक असता. तो पुढच्या आठवड्यात दुप्पट पक्षी आणेल. शिवाय पैसे देऊन ताब्यात घेतल्याच्या क्षणापासून बेकायदा ताबा तुमचा. कलम ५७ नुसार संरक्षित प्राणी किंवा त्याचा अवयव ज्याच्या ताब्यात सापडतो, त्याचा ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं. तो तसा नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं.

बनावट ग्राहक बनू नका. बातम्यांत ‘बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला’ असं वाचून पुष्कळांना उत्साह येतो. तो ग्राहक पोलिसांनी किंवा वनखात्याने नेमलेला असतो, पंच आधीच ठरलेले असतात, नोटांचे नंबर टिपलेले असतात. तुम्ही स्वतःच भाव करायला बसलात तर तुमच्या फोनमधली चॅट तुम्हालाच खरेदीदार ठरवू शकते. कातडी आणि हस्तिदंताच्या सौद्यात हत्यारबंद माणसं असतात, हे वेगळं सांगायला नको.

व्हिडिओ व्हायरल करू नका. माझ्या मते हा तस्कराला मिळणारा सगळ्यांत मोठा आयता इशारा आहे. दुपारी क्लिप फिरली की संध्याकाळपर्यंत माल दुसऱ्या तालुक्यात जातो. ऑनलाइन जाहिरातीखाली ‘हे बेकायदा आहे, लाज वाटत नाही का’ अशी कमेंट टाकणं त्यातलंच. आणि जाहिरात दिसताच ती आधी त्या संकेतस्थळाकडे ‘रिपोर्ट’ करू नका. पोस्ट काढली जाते, तिच्याबरोबर पुरावाही जातो. आधी यंत्रणेला कळवा. पोस्ट हटवायची विनंती त्यानंतर.

संशय जातीवर घेऊ नका. फासेपारधी, बहेलिया, गारुडी अशी नावं शिकारीच्या प्रत्येक बातमीबरोबर आपोआप घेतली जातात. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने पूर्ण जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, शिक्का मात्र लोकांच्या डोक्यातून गेला नाही. प्राणी पकडणारा हात गरिबाचा असू शकतो. पण गाडी, गोदाम, पैसा आणि परदेशातलं गिऱ्हाईक ज्यांच्याकडे असतं ते बहुधा शहरात, इस्त्रीच्या कपड्यांत असतात. तक्रारीत कृती लिहा: कोण काय विकत होतं, कुठे, कधी. पालावरची माणसं ‘तशीच’ असतात, असं लिहून तुम्ही तपास चुकीच्या दिशेला ढकलता.

टिपायचं काय आणि कसं

जिथे आहात तिथून, धोका न पत्करता, जेवढं दिसतं तेवढं टिपा. जवळ जाऊ नका. नेमकी जागा सगळ्यांत महत्त्वाची: ‘बसस्टँडजवळ’ याचा उपयोग शून्य, ‘स्टँडच्या मागच्या गेटसमोर, रसवंतीशेजारी, निळ्या ताडपत्रीची गाडी’ याचा उपयोग आहे. फोनवरून लोकेशन काढून ठेवा. वेळ लिहा. गाडीचा नंबर, रंग, दिशा. माणसं किती, अंदाजे वय, बोलताना घेतलेली नावं, दिलेला फोन नंबर. प्राणी किती, जिवंत की मेलेले, कशात ठेवलेले. प्रजाती ओळखता आली नाही तर ‘मांजराएवढा, अंगभर खवले’ असं वर्णन पुरेसं आहे. चुकीचं नाव ठोकून देण्यापेक्षा बरं.

फोटो किंवा व्हिडिओ काढता आला तर मूळ फाइल तशीच राहू द्या. कापू नका, त्यावर बाण काढू नका, फिल्टर नको. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्याचा आकार घटतो आणि फाइलमधली वेळ-जागेची माहिती निघून जाते, म्हणून पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ प्रत फोनमध्ये ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पुढे तपास अधिकारी त्यासाठी तुम्हाला बोलावू शकतो. तेव्हा तोच फोन, तीच फाइल हवी. फोन विकायचा किंवा फॉरमॅट करायचा विचार असेल तर आधी अधिकाऱ्याशी बोला.

ऑनलाइन जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेताना नुसता प्राण्याचा फोटो नको. खात्याचं नाव, प्रोफाइलचा पूर्ण दुवा, पोस्टचा दुवा, ग्रुपचं नाव, तारीख हे सगळं दिसलं पाहिजे. नाव दर आठवड्याला बदलतं, खात्याचा दुवा सहसा तितक्या सहज बदलत नाही. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ असं लिहिलेलं असलं तरी मेसेज करू नका.

कुणाला सांगायचं

महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. प्राणी, शिकार, फास, विक्री, काहीही असलं तरी हा पहिला नंबर. प्रकार डोळ्यांसमोर चालू असेल, किंवा हत्यारं असतील तर ११२. रेल्वेत किंवा फलाटावर असाल तर १३९.

आंतरराज्य टोळी, ऑनलाइन विक्री, कुरिअर, विमानतळ, मोठा साठा अशा प्रकरणांत वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोला कळवा. त्यांचा टोल फ्री नंबर १८००-११-९३३४, मुख्यालय दिल्लीत, पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत. हा ब्यूरो उगाच जन्माला आला नाही. २००५ च्या सुरुवातीला राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. शिकार जंगलात होत होती, पण कातडी आणि हाडांचा व्यवहार दिल्लीतून चालवणारा संसारचंद अनेक वर्षं अनेक राज्यांच्या यंत्रणांना पुरून उरला होता. तो २००५ मध्ये पकडला गेला. एका राज्याच्या वनखात्याला दुसऱ्या राज्यातला धागा ओढता येत नाही, हे तेव्हा पुरतं कळलं. २००६ च्या कायदादुरुस्तीने ब्यूरोची वाट मोकळी झाली आणि त्यासोबत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणही उभं राहिलं. म्हणून प्रकरणाची तार राज्याबाहेर जाते असं वाटलं तर दोन्हीकडे कळवणं चांगलं.

गावपातळीवर वनरक्षक, त्याच्या वर वनपाल, मग वनपरिक्षेत्र अधिकारी, ज्यांना सगळे आरएफओ म्हणतात. त्यांचा नंबर गरज पडण्याआधीच फोनमध्ये असावा. जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षक नेमलेले असतात. ते सरकारी नोकर नसतात, पण खात्यात त्यांचं ऐकलं जातं. स्थानिक कर्मचाऱ्याचंच संगनमत असेल अशी शंका असली तर उपवनसंरक्षकांना किंवा थेट ब्यूरोला सांगा.

फोनवर गोष्ट सांगत बसू नका. पहिल्या वाक्यात काय आणि कुठे, दुसऱ्यात किती वेळ आहे: ‘दोन माणसं, गोणीत जिवंत खवले मांजर, अमुक फाट्यावर, पंधरा मिनिटांत एसटी पकडणार आहेत.’ मग वर्णन. शेवटी तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगा आणि फोन घेणाऱ्याचं नाव, वेळ लिहून ठेवा. नंतर तेच सगळं ईमेलने किंवा लेखी पाठवा. फोनला पुरावा नसतो, कागदाला असतो.

बक्षिसाबद्दल लोक विचारतात. कायद्यात तशी सोय आहे: गुन्हा उघड व्हायला मदत करणाऱ्याला कोर्टाने केलेल्या दंडातून निम्म्यापर्यंत रक्कम देता येते. पण ती शिक्षा झाल्यावर. त्या आशेवर राहू नका.

प्राणी तुमच्या हाती आला तर

पळताना तस्कर पिशवी टाकून जातात, किंवा कुणी ‘हे ठेवा’ म्हणून दारात सोडून जातं. अशा वेळी कलम ३९ प्रमाणे ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. कायद्याची मुदत दोन दिवसांची आहे, तुमची दोन मिनिटांची असावी.

तोवर काय? पुठ्ठ्याचं खोकं, हवेला भोकं, खाली जुनं कापड, वर झाकण, आणि अंधार. शांत खोली. बस्स. दूध पाजू नका, जबरदस्तीने पाणी घालू नका, भात-पोळी-बिस्कीट काही नको. तारा कासव पाण्याच्या टबात ठेवू नका; ते पोहणारं कासव नाही, बुडतं. खवले मांजराचा गोळा उलगडायचा प्रयत्न करू नका, ते मुंग्या आणि वाळवीवर जगतं आणि घरात कुणालाही सांभाळता येत नाही. सापाला हात न लावता खोली बंद करून दाराखालची फट कापडाने बुजवा. माकड किंवा कुठलाही सस्तन प्राणी चावला किंवा ओरखडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. वनखात्याची वाट बघत बसू नका.

‘चांगल्या जंगलात’ सोडून देऊ नका. कुठल्या प्रदेशातलं आहे हे माहीत नसलेलं तारा कासव दुसऱ्याच माळावर सोडलं तर तिथल्या कासवांत रोग जाऊ शकतो. लाल कानांचं परदेशी कासव तळ्यात टाकणं तर त्या तळ्यातल्या देशी कासवांवर घाला. पकडलेला प्राणी हा खटल्यातला मुद्देमालही असतो. तो सोडायचा की उपचार केंद्रात ठेवायचा हे वनखातं आणि कोर्ट ठरवतं.

बिबट्याच्या बछड्यांचा अपवाद नीट समजून घ्या. जुन्नर, संगमनेर पट्ट्यात ऊसतोडीच्या दिवसांत फडात बछडे सापडतात. ते बेवारस नसतात, आई दिवसा जवळपासच असते. उचलू नका, मांडीवर घेऊन फोटो काढू नका. तोड थांबवा, गर्दी पांगवा, १९२६ ला कळवा. वनखातं आणि पशुवैद्य बछडे तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. हे अनेकदा जमलं आहे. बछडा एकदा गावात फिरला की चोरांनाही त्याची खबर लागते.

फास, वाघूर आणि तारा

शेताच्या कडेला किंवा पायवाटेवर क्लच वायरचा फास, रानडुकरासाठी लावलेली वाघूर म्हणजे जाळं, दातेरी लोखंडी सापळा दिसला तर पहिली ऊर्मी तो उपटून टाकायची येते. रिकामा असेल तर तसाच राहू द्या, लांबून फोटो आणि लोकेशन घ्या, वनरक्षकाला कळवा. फास लावणारा बघायला परत येतो, आणि त्याला पकडायची तीच संधी असते. एक फास दिसला की आसपास आणखी असणारच, म्हणून पाय जपून टाका. प्राणी अडकलेला असेल तर लांब थांबा. फासातला बिबट्या तार तोडून तुमच्यावर येऊ शकतो. त्याला बेशुद्ध करून सोडवणं पशुवैद्याचं काम.

वीज सोडलेली तार असल्याची शंका आली तर जवळ जाऊच नका. आधी महावितरणला सांगून पुरवठा बंद करायला लावा. डुकरासाठी सोडलेल्या विजेने वाघही मेले आहेत आणि रात्री पाणी द्यायला गेलेले शेतकरीही.

घरातच काही निघालं तर

हा भाग वाचायला अवघड जाईल, कारण इथे आरोपी आपणच असतो. माळ्यावर आजोबांच्या वेळची कातडी, सोन्यात मढवलेलं वाघनख, बाल्कनीत मिठू.

जुन्या कातड्या, शिंगं, मुंडकी यांच्यासाठी मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांनी पूर्वी नोंद केली नव्हती त्यांना २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची शेवटची सवलत दिली होती. ती कधीच संपली. प्रमाणपत्र असेल तर वस्तू ठेवता येते, पण विकता येत नाही. वारसाने आली असेल तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवावं लागतं. घरवाटणीच्या गडबडीत हे हमखास राहतं. प्रमाणपत्रच नसेल तर गुपचूप जाळणं, नदीत टाकणं किंवा भाच्याला देऊन टाकणं, तिन्ही वाईट. वकिलाचा सल्ला घ्या आणि लेखी अर्जासह वनखात्याकडे जमा करा. माफीची हमी कायदा देत नाही, पण स्वतःहून जाणं आणि छाप्यात सापडणं यात फरक पडतो.

पोपटाचंही तेच. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला उडता येत नाही, खाणं शोधता येत नाही. सज्जातून सोडलात तर कावळे संपवतील. १९२६ वर विचारा आणि उपचार केंद्रात द्या.

छापा पडल्यावर: पंच, जबाब, पाठपुरावा

वनखातं गुन्हा नोंदवतं तेव्हा पोलिसांच्या एफआयआरसारखाच त्यांचा प्राथमिक गुन्हा अहवाल असतो. पीओआर हे त्याचं रोजचं नाव. त्याचा क्रमांक मागून घ्या. तुम्हाला पंच म्हणून थांबायला सांगितलं तर शक्य असल्यास थांबा. पंचनाम्यात जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलंय ना, वजन, संख्या, वेळ, सीलचा ठसा नोंदलाय ना, हे बघूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. आरोपीचे वकील चार वर्षांनी नेमक्या याच ओळींवर उलटतपासणी घेतात: गोणी पांढरी होती की पिवळी, सील कुणी लावलं, नमुना कोणत्या दिवशी पाठवला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे, त्यामुळे हे काम थोडं सोपं झालंय.

आरोपीचा जबाब सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समोर नोंदवला तर तो पुरावा म्हणून चालतो. ही ताकद पोलिसांपुढच्या जबाबाला नसते, म्हणून जाणकार अधिकारी या टप्प्यावर घाई करत नाहीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षं आणि किमान पंचवीस हजारांचा दंड. बाकी बहुतेक गुन्ह्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

महिन्याभराने काय झालं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: पीओआर क्रमांक, अटक झालेले किती, नमुने कुठे पाठवले, दोषारोप कधी दाखल. कोर्टाचं समन्स आलं तर जा. साक्षीदार न आल्याने सुटणारे आरोपी कमी नाहीत. जाण्याआधी आपल्या जुन्या नोंदी वाचून घ्या, आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ म्हणून सांगा, रचून सांगू नका.

आणि यंत्रणेने काहीच केलं नाही तर? कलम ५५ मध्ये सामान्य नागरिकाला थेट कोर्टात तक्रार दाखल करता येते, अट एवढीच की आधी किमान साठ दिवसांची नोटीस द्यायची: घडलेला गुन्हा आणि तक्रार करण्याचा इरादा त्यात स्पष्ट लिहायचा. नोटीस केंद्र सरकारला, राज्य सरकारला किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला पाठवायची. टपालाने, पोचपावतीसह पाठवा आणि ती पावती जपून ठेवा. साठ दिवस मोजायला वकील पहिल्यांदा तीच मागतो.